ख्रिस्तसभेच्या विवाह न्यायालयातील शब्द : इटालियन, इंग्रजी आणि मराठी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील धर्मग्रामांत मोडलेल्या संसाराची व्यथा घेऊन धर्मगुरूंकडे येणाऱ्या श्रद्धावंतांना पुढे महाधर्मप्रांताच्या विवाह न्यायालयाशी पत्रव्यवहार करावा लागतो. ती पत्रे इंग्रजीत असतात. इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या माणसालाही ती वाचताना अडखळायला होते, कारण त्यांतील कित्येक शब्द दिसायला इंग्रजी असले तरी त्यांचा अर्थ नेहमीचा नसतो. त्यांचे मूळ लॅटिन आहे आणि रोममधील इटालियन व्यवहारातून ते इंग्रजीत उतरले आहेत. शब्दाचा अर्थ चुकला तर मुदत चुकते, हक्क बुडतो, कधी नाहक बदनामीची भीती वाटते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या शब्दांची क्रमवार ओळख करून देत आहोत. आपल्याकडील दिवाणी व कौटुंबिक न्यायालयांतील परिचित मराठी शब्द जेथे चपखल बसतात तेथे ते दिले आहेत; जेथे बसत नाहीत तेथे फरक स्पष्ट केला आहे.

शब्द कोठून आले?

लॅटिन विधीच्या ख्रिस्तसभेचा सध्याचा कायदासंग्रह पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ जानेवारी १९८३ रोजी जाहीर केला आणि त्याच वर्षी २७ नोव्हेंबरपासून तो अमलात आला. त्याचा अधिकृत मजकूर लॅटिनमध्ये आहे. परंतु रोममधील न्यायालयांचा दैनंदिन कारभार मुख्यत्वे इटालियन भाषेत चालतो आणि तेथील विद्यापीठांत शिकणाऱ्या धर्मगुरूंच्या कानांवर हे शब्द त्याच रूपात पडतात. २००६ ते २०२५ या काळात मुंबईचे आर्चबिशप असलेले कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनीही कॅनन कायद्याचे शिक्षण रोममधील उर्बानिआना विद्यापीठात घेतले होते.

इंग्रजीतही एकच परंपरा नाही. ब्रिटन व आयर्लंडच्या कॅनन लॉ सोसायटीचे भाषांतर आणि अमेरिकेच्या कॅनन लॉ सोसायटीचे भाषांतर यांत एकाच लॅटिन शब्दासाठी निरनिराळे शब्द आढळतात. ब्रिटिश भाषांतर जेथे 'प्लेंटिफ' म्हणते तेथे अमेरिकन भाषांतर 'पिटिशनर' म्हणते. एका पत्रात एक शब्द आणि पुस्तिकेत दुसरा शब्द दिसला तर वाचकाने गोंधळून जाऊ नये. व्यक्ती तीच असते.

विवाहखटल्यांच्या कार्यपद्धतीत अलीकडचा मोठा बदल पोप फ्रान्सिस यांच्या 'मितिस युदेक्स दोमिनुस येसुस' या आज्ञापत्राने झाला. ते ८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रसिद्ध झाले व ८ डिसेंबर २०१५ पासून लागू झाले. पौर्वात्य विधीच्या कॅथलिकांसाठी त्याच दिवशी 'मितिस एत मिसेरिकोर्स येसुस' हे वेगळे आज्ञापत्र निघाले. आपल्या उपनगरांत राहणाऱ्या सिरो-मलबार कुटुंबांना ते लागू पडते.

सर्वांत महत्त्वाचा शब्द : नुल्लिता

इटालियन भाषेत दोन शब्द आहेत. 'आन्नुल्लामेन्तो' म्हणजे अस्तित्वात असलेली गोष्ट रद्द करणे. 'नुल्लिता' म्हणजे ती गोष्ट कायद्याच्या दृष्टीने मुळातच अस्तित्वात आली नव्हती अशी स्थिती. ख्रिस्तसभेचे न्यायालय दुसऱ्या शब्दाचा वापर करते. लग्नाच्या दिवशी वैध विवाहासाठी आवश्यक असलेले काही उणे होते काय, याचा ते शोध घेते आणि तसे सिद्ध झाल्यास नुल्लिता जाहीर करते. इंग्रजी बोलण्यात मात्र सर्रास 'अ‍ॅनलमेंट' म्हटले जाते. त्यावरून मराठीत 'लग्न रद्द केले' किंवा 'चर्चचा घटस्फोट' असे शब्द रूढ झाले आणि गैरसमजाचे मूळ तेथेच रुजले.

आपल्या कायद्याच्या मराठीत 'शून्य विवाह' असा शब्द आहे. नुल्लितासाठी 'विवाहशून्यता' हा शब्द त्यामुळे अधिक योग्य ठरतो. साध्या भाषेत 'हा विवाह आरंभापासूनच अवैध होता असे जाहीर झाले' असे म्हणावे.

येथे आईबापांच्या मनात एक भीती हमखास उभी राहते : लग्नच नव्हते तर मुले अनौरस ठरतील काय? उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. वैध विवाहातून तसेच वैध समजल्या गेलेल्या विवाहातून जन्मलेली अपत्ये औरसच होत, असे कॅनन ११३७ सांगतो. निदान एका जोडीदाराने सद्भावनेने केलेला विवाह, दोघांनाही त्याच्या अवैधतेची खात्री पटेपर्यंत, वैध समजला गेलेला विवाह होय.

खटल्याच्या कारणांविषयीही दोन शब्द जपून वाचावेत. पहिला 'सिमुलात्सिओने', इंग्रजीत 'सिम्युलेशन'. संगणकावरील सिम्युलेशनशी त्याचा संबंध नाही. तोंडाने संमती दिली, पण मनात विवाहालाच किंवा त्याच्या एखाद्या मूलभूत अंगाला, उदाहरणार्थ निष्ठेला वा अपत्यप्राप्तीला, निश्चयपूर्वक नकार होता असा त्याचा अर्थ आहे. 'संमतीचा देखावा' हे त्याचे मराठी रूप. दुसरा शब्दसमूह कॅनन १०९५ मधील मानसिक कारणांविषयीचा. इंग्रजीत कोठे 'सायकिक', कोठे 'सायकॉलॉजिकल' असे लिहिलेले असते. 'विवेकशक्तीचा गंभीर अभाव' किंवा 'वैवाहिक कर्तव्ये स्वीकारण्याची अक्षमता' असा त्याचा आशय आहे. विवाहाच्या वेळी त्या एका निर्णयापुरती व त्या कर्तव्यांपुरती ती क्षमता होती काय, एवढाच प्रश्न तेथे असतो. त्यावरून कोणाला वेडे ठरविले असे घरात किंवा सोसायटीत बोलणे अन्यायाचे आहे.

न्यायालयातील व्यक्ती

'आत्तोरे' म्हणजे खटला दाखल करणारी व्यक्ती, आपल्याकडील अर्जदार. इटालियन भाषेत नटालाही हाच शब्द असला तरी येथे अर्थ तेवढाच. 'पार्ते कोन्व्हेनूता' म्हणजे जिला न्यायालयाने बोलाविले ती दुसरी बाजू. इंग्रजीत 'रिस्पॉन्डन्ट', आपल्या कोर्टाच्या मराठीत सामनेवाला किंवा जाबदार. सामनेवाला म्हटले म्हणून ती व्यक्ती आरोपी ठरत नाही. या न्यायालयात पतिपत्नींपैकी कोणावरही गुन्ह्याचा आरोप नसतो; तपासणी विवाहबंधनाची होते.

'व्हिकारिओ जुदित्सिआले' म्हणजे बिशपांच्या वतीने न्यायदान करणारे प्रमुख न्यायाधीश. 'दिफेन्सोरे देल व्हिन्कोलो', इंग्रजीत 'डिफेन्डर ऑफ द बाँड', यांना पुष्कळ लोक सामनेवाल्याचे वकील समजतात. ते कोणाचेच वकील नव्हेत. विवाह वैध होता असे दाखविणारे जे काही न्याय्य मुद्दे असतील ते मांडणे हे त्यांचे कर्तव्य आहे. 'विवाहबंधनाचे रक्षक' असे त्यांना म्हणावे.

'उदितोरे' या शब्दाने मोठीच गंमत केली आहे. इंग्रजीत तो 'ऑडिटर' होतो आणि आपल्याला हिशेबतपासनीस आठवतो. मूळ अर्थ 'ऐकणारा'. धर्मप्रांताच्या न्यायालयात पुरावे व जबान्या गोळा करण्यासाठी न्यायाधीशांनी नेमलेली व्यक्ती ऑडिटर होय. ती प्रापंचिकही असू शकते आणि निकाल देण्याचा अधिकार तिला नसतो. मात्र रोमन रोटा या न्यायालयात 'ऑडिटर' म्हणजे खुद्द न्यायाधीश. शब्द एक, अधिकार दोन. 'इस्त्रुत्तोरे', इंग्रजीत 'इन्स्ट्रक्टर', हाही शिक्षक नसून पुरावे संकलित करणारा अधिकारीच आहे. 'पोनेन्ते' म्हणजे न्यायाधीशांच्या मंडळातील प्रकरण मांडणारे व निकालपत्र लिहिणारे न्यायाधीश. 'पेरीतो' म्हणजे तज्ज्ञ, बहुधा मानसशास्त्र वा मानसोपचार क्षेत्रातील. 'नोतायो' म्हणजे नोटरी. पण तहसील कचेरीबाहेर शिक्का मारून देणारे नोटरी हे नव्हेत. खटल्यातील कागदांवर यांची स्वाक्षरी नसेल तर ते कागद रद्दबातल ठरतात, असे कॅनन १४३७ चे सांगणे आहे.

खटल्याच्या पायऱ्या

'लिबेल्लो' म्हणजे छोटी पुस्तिका. येथे अर्थ 'अर्ज' किंवा 'याचिका'. इंग्रजीतील 'लायबेल' हा बदनामीचा शब्द त्याच मूळाचा असला तरी अर्जात कोणाची बदनामी करावयाची नसते. अर्ज कोठे करावा याला कॅनन १६७२ तीन पर्याय देतो : विवाह जेथे झाला तेथील, पती किंवा पत्नी जेथे राहते तेथील, अथवा बहुतांश पुरावे जेथे गोळा करावयाचे आहेत तेथील न्यायालय. विवाह वसईत झाला, पत्नी घाटकोपरला राहते आणि पती परदेशी आहे, अशा प्रसंगी वसई किंवा मुंबई असा पर्याय खुला राहतो.

'चितात्सिओने', इंग्रजीत 'सायटेशन', म्हणजे समन्स. समन्स मिळाले की अपमान झाला असे समजून ते परत पाठविणारे लोक आहेत. वास्तविक समन्स हे सामनेवाल्याच्या संरक्षणासाठी असते. अर्ज स्वीकारल्यावर त्याची प्रत सामनेवाल्यास देऊन म्हणणे मांडण्यास पंधरा दिवस द्यावे, असे कॅनन १६७६ सांगतो. सामनेवाल्याला विषय नीट कळणे किती आवश्यक आहे हे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या २० जुलै २००१ च्या 'पेल्लेग्रिनी विरुद्ध इटली' या निकालातून दिसते. त्या प्रकरणात पत्नीला चर्चच्या न्यायालयाने बोलाविले, पण अर्जाचा तपशील आधी कळविला नव्हता, साक्षीदारांचे म्हणणे पाहावयास मिळाले नाही आणि वकिलाची मदत घेता येते हेही सांगितले गेले नाही. ही बाब पुरेशी न तपासता इटालियन न्यायालयांनी तो निर्णय देशात लागू केला, म्हणून इटलीकडून न्याय्य सुनावणीच्या हक्काचा भंग झाला असे त्या न्यायालयाने ठरविले.

'कोन्तेस्तात्सिओने देल्ला लिते' हे नाव भांडणाचे वाटते. इंग्रजीत त्याला 'जॉइंडर ऑफ इश्यू' म्हणतात. त्यानंतर येते 'फोर्मुला देल दुब्बिओ', शब्दशः 'संशयाचे सूत्र'. येथे आपल्या दिवाणी न्यायालयाचे मराठी मदतीला धावून येते. दाव्यात दोन्ही बाजूंचे म्हणणे आल्यावर न्यायाधीश 'मुद्दे निश्चित' करतात. अगदी हेच काम येथे होते. 'अमुक कारणावरून हा विवाह शून्य असल्याचे सिद्ध होते काय?' असा तो मुद्दा असतो. 'संशय' शब्द वाचून न्यायालयाने आपल्या प्रामाणिकपणावर संशय घेतला असे कोणी मानू नये.

'इस्त्रुत्तोरिआ', इंग्रजीत 'इन्स्ट्रक्शन ऑफ द केस', म्हणजे पुरावे गोळा करण्याचा टप्पा. कोणाला सूचना किंवा शिकवणी देण्याचा हा प्रकार नव्हे. कौटुंबिक न्यायालयातील उलटतपासणीची सवय असलेल्यांनी ध्यानात घ्यावे की येथे प्रश्न न्यायाधीश वा त्यांनी नेमलेली व्यक्ती विचारते आणि विवाहखटल्यात एका पक्षाची किंवा साक्षीदारांची जबानी चालू असता दुसरा पक्ष तेथे हजर राहू शकत नाही.

मग प्रत्येक पक्षाला दुसऱ्याचे म्हणणे कळते केव्हा? 'पुब्लिकात्सिओने देल्यी आत्ती' या टप्प्यावर. इंग्रजीत 'पब्लिकेशन ऑफ द अ‍ॅक्ट्स' असे लिहिलेले पत्र आले की खाजगी जीवन छापून येणार या धास्तीने माणसे हवालदिल होतात. काहीही छापले जात नाही. न्यायालयाच्या कचेरीत येऊन कागदपत्रे पाहण्याची पक्षकारांना व त्यांच्या वकिलांना दिलेली ही मुभा आहे, आणि ती नाकारल्यास खटल्याची कार्यवाहीच धोक्यात येते. 'कागदपत्रे पाहण्यास खुली करणे' असे मराठीत म्हणावे. हे पत्र आल्यावर न जाणे म्हणजे आपला मोलाचा हक्क सोडून देणे होय.

'प्रोचेस्सो पिऊ ब्रेव्हे', म्हणजे 'अधिक संक्षिप्त प्रक्रिया', ही २०१५ ची देणगी. अर्ज दोघांनी मिळून केला असेल किंवा एकाच्या अर्जाला दुसऱ्याची संमती असेल, आणि विवाहशून्यता उघडपणे दर्शविणारी परिस्थिती व पुरावे असतील, तरच ती लागू होते. निकाल स्वतः बिशप देतात. ही परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय नव्हे.

निकालाचे शब्द

'देक्रेतो' आणि 'सेन्तेन्त्सा' या जोडीत सर्वाधिक नुकसान होण्याचा संभव आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातील कौटुंबिक न्यायालयात 'डिक्री' म्हणजे हुकूमनामा, खटल्याचा शेवट. ख्रिस्तसभेच्या न्यायालयात मात्र अर्ज स्वीकारल्याचा, मुद्दे ठरविल्याचा, कागदपत्रे खुली केल्याचा प्रत्येक आदेश 'डिक्री'च असतो. डिक्रीचे पत्र हाती आले म्हणून दुसऱ्या लग्नासाठी सभागृह आरक्षित करू नये. अंतिम निकाल म्हणजे 'सेन्तेन्त्सा'. त्याचे इंग्रजी रूप 'सेन्टेन्स'. त्याचा अर्थ शिक्षा नसून निकालपत्र असा आहे.

निकालासाठी न्यायाधीशांना 'चेर्तेत्सा मोराले' व्हावी लागते. 'नैतिक खात्री' हे शब्दशः भाषांतर दिशाभूल करते, कारण नीतीशी त्याचा थेट संबंध नाही. पोप पायस बारावे यांनी १ ऑक्टोबर १९४२ रोजी रोमन रोटापुढील भाषणात या कल्पनेचे विवेचन केले होते. चूक होत असल्याची कोणतीही सुज्ञ, साधार शंका उरलेली नाही अशी ती खात्री होय. उलट घडले असण्याची निव्वळ शक्यता मात्र उरू शकते. आपल्या दिवाणी न्यायालयात संभाव्यतेचे पारडे एका बाजूला झुकले तरी पुरते. येथे तेवढे पुरत नाही. 'वाजवी शंका न उरणारी खात्री' हे मराठी रूप आशयाला जवळचे आहे.

२०१५ पूर्वी विवाहशून्यतेसाठी साधारणतः दोन न्यायालयांचे एकसारखे निर्णय आवश्यक असत. आता पहिला अनुकूल निकाल, अपिलाची मुदत टळल्यावर, अंमलात येतो. ही मुदत कॅनन १६३० प्रमाणे पंधरा 'जोर्नी ऊतिली' एवढी आहे. इंग्रजीत 'युजफुल डेज', म्हणजे शब्दशः 'उपयोगी दिवस'! खरा अर्थ असा की, ज्या दिवशी व्यक्तीला आपला हक्क ठाऊक नव्हता किंवा तो बजावणे तिला शक्य नव्हते, तो दिवस मोजला जात नाही. 'गणनायोग्य दिवस' म्हणावे. मात्र ही मुदत 'पेरेन्तोरिओ', म्हणजे निर्णायक आहे; ती टळली की अपिलाचा हक्क संपतो. कॅनन कायद्याच्या सर्वसाधारण नियमानुसार वसईसारख्या धर्मप्रांताच्या निकालावरील अपील मुंबईच्या महाधर्मप्रांतीय न्यायालयाकडे जाते. थेट रोमन रोटाकडे जाण्याची वाटही खुली असते.

भारतात ज्याला जोड नाही असा शब्द

इटलीत 'देलिबात्सिओने' नावाची कार्यवाही आहे. मूळ क्रियापदाचा एक अर्थ 'किंचित चाखून पाहणे' असा. ११ फेब्रुवारी १९२९ चा लॅटरन करार आणि त्यात बदल करणारा १८ फेब्रुवारी १९८४ चा करार यांमुळे, चर्चने जाहीर केलेल्या विवाहशून्यतेला तेथील अपील न्यायालय तपासणी करून नागरी मान्यता देऊ शकते. इटालियन लेख किंवा बातमी वाचून आपल्याकडेही तसेच असेल असे कोणी समजू नये. या शब्दाचे भारतीय कायद्यात भाषांतरच होत नाही, कारण अशी कार्यवाही येथे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ विरुद्ध जॉर्ज सेबॅस्टियन या प्रकरणात हे स्पष्ट केले. चर्च न्यायालयाच्या निर्णयांना नागरी मान्यता मिळावी म्हणून क्लॅरेन्स पैस यांनी केलेली याचिकाही त्या न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली. अर्थात ख्रिस्तसभेचा निकाल हाती असूनही, १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली नागरी न्यायालयाचा हुकूमनामा नसता दुसरे लग्न केले तर ते कायद्याने द्विभार्या किंवा द्विपती विवाहाचा गुन्हा ठरू शकते. तसेच नागरी घटस्फोट मिळाला म्हणून ख्रिस्तसभेत पुन्हा विवाह करता येत नाही. दोन दारे आहेत आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी आहे.

आपली जबानी आपल्या भाषेत

मराठीभाषक श्रद्धावंतांनी एक हक्क आवर्जून ध्यानात ठेवावा. न्यायाधीशांना किंवा पक्षकारांना अपरिचित भाषेत कोणी बोलत असेल तर शपथबद्ध दुभाषा नेमावा, जबानी मूळ भाषेतच लिहून घ्यावी आणि सोबत भाषांतर जोडावे, असे कॅनन १४७१ सांगतो. कागदपत्रे वरिष्ठ न्यायालयाला न समजणाऱ्या भाषेत असतील तर त्यांचे विश्वासार्ह भाषांतर व्हावे, ही दक्षता कॅनन १४७४ घेतो. मरोळच्या किंवा गोराईच्या आजीबाईंची साक्ष मोडक्यातोडक्या इंग्रजीत होण्यापेक्षा त्यांच्या स्वतःच्या बोलीत होणे न्यायाच्या हिताचे आहे. 'त्याचे मन नव्हते', 'तिला घरच्यांनी उभे केले', 'तो लग्नाला तयार झाला पण राजी नव्हता' या वाक्यांतील बारकावे भाषांतरात निसटतात, आणि अशाच एखाद्या वाक्यावर मुक्त संमतीचा प्रश्न अवलंबून असतो. मूळ शब्द कागदावर असले तर अपिलातही ते पुन्हा तपासता येतात.

निकाल अंमलात आल्यावर त्याची नोंद विवाहाच्या व स्नानसंस्काराच्या नोंदवहीत होणे आवश्यक असते. निकालपत्रात 'व्हेतितुम' असा लॅटिन शब्द आढळल्यास तो पुन्हा विवाह करण्यावरील मनाई दर्शवितो. ती उठेपर्यंत विवाहाची तारीख ठरवू नये. न्यायालयाचे कोणतेही पत्र आले की प्रथम तीन गोष्टी पाहाव्यात : ते समन्स आहे, मधला आदेश आहे की निकालपत्र, त्यात मुदत किती दिली आहे, आणि पत्र हाती पडल्याची तारीख कोणती. ती तारीख पाकिटावर लिहून ठेवावी, कारण मुदत तेथूनच मोजली जाते. एखादा शब्द उमगला नाही तर अंदाज बांधण्यापेक्षा आपल्या धर्मगुरूंना किंवा न्यायालयाच्या नोटरींना विचारावे. विचारल्याने खटला बिघडत नाही; मुदत टळल्याने मात्र बिघडतो.